बारांत नाव, सातांत नाही

भात झोडून घरात आले, की शिवथरच्या खोऱ्यातली खाचरे रिकामी होतात आणि कबड्डी सुरू होते. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर ही गावे वरंध्याच्या घाटाखाली, महाड तालुक्यात. बाहेरच्या माणसाला शिवथर ठाऊक असते ते घळीमुळे. रामदासांनी दासबोध सांगितला ती जागा हीच, असे धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० साली शोधून काढले, आणि तेव्हापासून घळ पाहायला माणसे येत राहिली. गावातल्या पोरांना मात्र दिवाळी ते शिमगा या दिवसांत घोर असतो तो सपाट तुकड्याचा. ढेकळे फोडायची, पाणी मारायचे, रूळ फिरवायचा, फक्कीने तेरा बाय दहा मीटरची चौकट आखायची आणि बांबूंवर फोकस चढवायचे. ग्रामदैवताच्या नावाचे मंडळ, मुंबईतल्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून दिलेल्या जर्सी, पहाटेपर्यंत न थकणारा निवेदक. बक्षिसे चषकाची, उत्कृष्ट चढाईची, उत्कृष्ट पकडीची. शिवाय लोकांच्या टाळ्यांवर ठरणारा ‘पब्लिक हिरो’ असतोच.

असा एखादा पोरगा तीन-चार स्पर्धा गाजवतो तेव्हा फोकसखाली बसलेल्यांच्यात एकच विषय निघतो: हा प्रो कबड्डीत जाईल का? २६ जुलै २०१४ला मुंबईत ती लीग सुरू झाली, त्यानंतर हा विषय महाड-पोलादपूरच्या प्रत्येक मैदानात निघाला असेल. माझ्या मते प्रश्न अर्धाच विचारला जातो. जाईल का, हे कळायला एक निवड पुरते. टिकेल का, हे कळायला तीन हंगाम लागतात, आणि त्या तीन हंगामांत पोरगा बहुतेक वेळ बाकावर बसलेला असतो. बाकावरचे दिवस त्याला खेळाडू बनवतात की नुसते वयाने मोठे करतात, हा या लेखाचा विषय.

आधी साधा हिशेब. लीगमध्ये बारा संघ. मैदानात सात, म्हणजे सगळे मिळून ८४ जागा. प्रत्येक संघाला किमान १८ आणि जास्तीत जास्त २५ खेळाडू ठेवता येतात. म्हणजे २१६ ते ३०० जणांची नावे कागदावर, आणि शिट्टी वाजते तेव्हा त्यांतले ८४ मॅटवर. सामन्याच्या यादीत बारा जण असतात. सात खेळणारे, पाच राखीव. बाकीचे त्या रात्री किट घालूनही प्रेक्षकच. गावी टीव्हीसमोर बसलेल्या घरच्यांना राष्ट्रगीताच्या वेळी चेहरा दिसला तर दिसला.

राखीव पाचांतला चढाईपटू असेल तर त्याच्या वाट्याला काय येते? चाळीस मिनिटांत एका संघाच्या साधारण चाळीसच्या आसपास चढाया होतात. त्यांतल्या निम्म्या मुख्य चढाईपटू खातो, उरलेल्यांतला मोठा हिस्सा दुसरा. तिसऱ्याला राहते ती तिसरी चढाई. दोन चढाया कोऱ्या गेल्या, की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. हिंदी समालोचकांनी तिला ‘करो या मरो’ करून टाकले. पहिला गडी आपली लय मोडायला नको म्हणून ती घेत नाही. ती बहुधा नव्याच्या गळ्यात पडते. समोर सहा-सात जणांचा ताजा बचाव, तीस सेकंद, आणि बोनस मारून परत येण्याइतकीही मोकळीक नाही, कारण समोरच्यालाही ठाऊक असते की हा मारायलाच आलाय. तीन-चार वेळा पोरगा सापडला, की प्रशिक्षकाच्या वहीत त्याच्या नावापुढे फुली पडते. हुकमी चढायांवर पारखलेल्याला हुकमी आकडे मिळतात, आणि अवघड चढायांवर पारखलेला ‘अजून तयार नाही’ ठरतो. लीगच्या आकडेवारीतला हा अन्याय मला फार खटकतो. आकडेवारी बोलणारे पॅनेलवरचे तज्ज्ञ त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

त्याच तिसऱ्या चढाईवर एक मुंबईकर टिकला, हेही सांगायला हवे. सांताक्रूझचा रिशांक देवाडिगा. यू मुम्बात पहिल्या हंगामापासून अनुप कुमार आणि शब्बीर बापू यांच्यामागे तो तिसरा. अनुप कर्णधार, शब्बीर नेमका. रिशांकने उरलेले काम घेतले आणि अडलेली तिसरी चढाई काढून देणारा म्हणून नाव केले. यू मुम्बाने २०१५चा दुसरा हंगाम जिंकला तेव्हाही तो मुख्य नव्हता. २०१७ला लीग आठ संघांवरून बारांवर गेली, तो उत्तर प्रदेशच्या योद्धा संघात गेला, आणि पहिल्यांदा चढायांचा मोठा वाटा हाती आल्यावर जयपूरविरुद्ध एका सामन्यात त्याने चढाईचे २८ गुण घेतले. तेव्हा तो उच्चांक होता. पुढच्या लिलावात त्याला १ कोटी ११ लाख मिळाले. जानेवारी २०१८मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणले, तेव्हा कर्णधार रिशांकच होता.

रिशांक तिसऱ्या जागेवर चार हंगाम शिकला, हे खरे. पण तो शिकला ते बाकावर नव्हे, मॅटवर. कमी का होईना, जवळजवळ प्रत्येक सामन्यात त्याची गरज होती. बाकावरून शिकणे आणि कमी खेळून शिकणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ‘बेंचवर बसून अनुभव मिळाला’ असे म्हणणारे ते अंतर बुजवून टाकतात.

याची उलट बाजू पवन सेहरावतमध्ये दिसते. बंगळुरू बुल्सकडून तिसऱ्या हंगामात आला, थोडे चमकला, मग मागे पडला. पाचव्या हंगामात गुजरातने घेतले. तिथे त्याचा हंगाम जवळजवळ बाकावरच गेला. सहाव्या हंगामात बुल्सने त्याला ५२ लाख ८० हजारांना परत आणले. त्या हंगामात त्याने चढाईचे २७१ गुण केले आणि ५ जानेवारी २०१९ला मुंबईच्या अंतिम सामन्यात, ज्या गुजरातने त्याला बसवून ठेवले होते त्यांच्याविरुद्धच, एकट्याने २२ गुण घेऊन चषक नेला. पुढे त्याची बोली २ कोटी २६ लाखांवर आणि मग २ कोटी ६० लाखांवर गेली. एका वर्षात माणूस इतका बदलतो? उडी तीच, पाय तेच. बदलले ते एवढेच, की प्रशिक्षक रणधीर सिंग यांनी त्याला हुकमी चढाया दिल्या आणि दोन-चारदा सापडला तरी पुन्हा पाठवले. पाठवणे भागही होते, कारण पन्नास लाखांचा गडी बसवून ठेवणे कोणत्याच मालकाला परवडत नाही. किमतीने मिनिटे विकत मिळतात, हे लीगमधले न बोललेले गणित आहे. लिलावात सर्वांत खालच्या ‘ड’ गटाची मूळ किंमत ९ लाख. वरच्या ‘अ’ गटाची ३०. नऊ लाखांचा पोरगा अख्खा हंगाम बसला तर कुणाचे काही बिघडत नाही.

आणि लिलावाच्याही बाहेरून येणारे आहेत. २०१७च्या सुमारास लीगने देशभर चाचण्या घेऊन पोरे वेचायला सुरुवात केली, आणि सहाव्या हंगामापासून संघ नव्या तरुण खेळाडूंना थेट करारबद्ध करू लागले. पोरगा संघाच्या ताब्यात येतो, आवडला तर संघ त्याला पुढेही राखून ठेवतो, नाही आवडला तर सोडून देतो. यांत नवीन कुमारसारखे मोती निघाले. दिल्लीने त्याला अठराव्या वर्षी आणला आणि पहिल्याच हंगामात मुख्य चढाईपटू म्हणून खेळवला. पण खरी चाळणी लागते ती करार संपल्यावर. तेव्हा पोरगा ‘नवा’ नसतो आणि नावाजलेलाही नसतो. लिलावाच्या यादीत तो शेकड्यांत एक. नाव पुकारले जाते, टेबलांवर कुणी पाटी उचलत नाही, निवेदक पुढच्या नावाकडे वळतो. त्याच्याऐवजी संघ बाहेरून आणखी एक कोवळा पोरगा उचलू शकतो, आणि तो स्वस्त पडतो. म्हणजे व्यवस्थेने तरुणांना दार उघडले, पण त्याच दाराने तेवीस-चोवीस वर्षांचा बाहेर ढकलला जातो. पोरगा सुधारला की नाही, हे तपासायला पुरेशी मिनिटेच त्याच्या नावावर नसतात.

हे फक्त नवख्यांच्याच नशिबी येते असेही नाही. प्रदीप नरवाल दुसऱ्या हंगामात बंगळुरूकडे मोजकेच सामने खेळून निघाला, पाटण्याला जाऊन लीगचा सर्वांत मोठा चढाईपटू झाला, पाचव्या हंगामात ३६९ गुणांचा डोंगर रचला. आणि २०२५च्या लिलावात त्याच्यावर बोलीच लागली नाही. त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याच्याकडे निदान निवृत्त होण्यासारखे काही होते.

दुसरी तऱ्हा पुण्यात पाहायला मिळाली, आणि ती मराठी वाचकाला अभिमानाने सांगण्यासारखी आहे. करोनामुळे एक हंगाम बुडाला. आठवा हंगाम डिसेंबर २०२१मध्ये बंगळुरूच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना सुरू झाला. पुणेरी पलटणकडे राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही दोन मोठी नावे होती. सुरुवात वाईट झाली. प्रशिक्षक होते अनुप कुमार; तेच यू मुम्बाचे जुने कर्णधार. त्यांनी मोठ्या नावांना बसवून अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही दोन नवी पोरे पुढे काढली. अस्लम अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला. संघ बाद फेरीपर्यंत गेला. नवव्या हंगामात पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून हरली. दहाव्यात, १ मार्च २०२४ला, हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा विजेती झाली, आणि चषक उचलणारा कर्णधार अस्लम होता. मधल्या काळात तो आणि नाशिकचा आकाश शिंदे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होते. पंकज मोहिते, संकेत सावंत, आदित्य शिंदे ही त्याच काळात पलटणीत वाढलेली नावे. २०२५चा अंतिम सामना पलटण दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली, पण घडी तीच आहे.

पलटणने काय वेगळे केले? त्यांनी ‘युवा पलटण’ हा खालचा संघ ठेवला. २०२२पासून तेवीस वर्षांखालील मुलांची युवा कबड्डी सिरीज सुरू झाली. पलटण आणि यू मुम्बा यांनी आपली पोरे तिथे उतरवली. वरच्या संघात जागा नसलेला पोरगा तिथे एका स्पर्धेत भरपूर सामने खेळतो. चुका करतो, सापडतो, पुन्हा जातो. दूर अमेरिकेत बास्केटबॉलवाल्यांनी हे २००१पासूनच धरले आहे: एनबीएने आठ संघांची दुय्यम लीग काढली, आणि आता प्रत्येक मोठ्या संघाला पंधरा जणांखेरीज तीन पोरांशी दुहेरी करार करता येतो, ती पोरे खाली खेळतात, गरज पडली की वर येतात. अर्थात खालची लीग म्हणजे हमखास जिना नव्हे. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५मध्ये एनबीएच्या निवडीत ५२वा आला, डॅलसने घेतला; त्या निवडीत आलेला तो पहिला भारतीय. दोन हंगाम तो टेक्सासच्या दुय्यम संघात होता, तिथेही फारसा खेळला नाही आणि एनबीएच्या मैदानात कधीच उतरला नाही. सात फूट उंचीलाही मिनिटांशिवाय उपाय नाही.

बचावपटूंची गोष्ट आणखी अवघड. चढाईपटू एकटा जातो, म्हणून त्याला पाच मिनिटांसाठी तरी उतरवून बघता येते. कोपरा आणि मध्यरक्षक यांचे तसे नसते. डाव्या कोपऱ्याने घोटा धरला की मध्यरक्षकाने त्याच श्वासाला धडक द्यायची असते. साखळीतल्या दोघांची ओळख हातांना असावी लागते. ती सरावात होत नाही, सामन्यांत होते. म्हणून कोणताही प्रशिक्षक जमलेली बचावफळी मोडायला धजत नाही, आणि राखीव कोपरा कुणाचा तरी गुडघा जाईपर्यंत वाट बघतो. कोकणातून या वाटेने जो टिकला तो रत्नागिरी जिल्ह्याचा शुभम शिंदे. उजवा कोपरा. पुणेरी पलटणमध्ये सुरुवात, मग बंगाल, मग पाटणा. अकराव्या हंगामात तो पाटण्याचा कर्णधार होता आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. संघ बदलावे लागले, पण प्रत्येक ठिकाणी कोपरा मिळाला. महाड-पोलादपूरच्या पोरांनी कुणाचे सामने पुन्हा पुन्हा बघायचे तर मी सेहरावतआधी शुभमचे नाव घेईन. उडी उसनी आणता येत नाही, पण कोपऱ्यात पाय रोवून वाट पाहणे शिकता येते.

आता शिवथरच्या बाजूने पाहू. समजा इथला एक पोरगा आहे. किशोर गटात वयाची मर्यादा सोळा आणि वजनाची ५५ किलो. कुमार गटात वीस आणि ७०. या दोन्ही गटांत कोकणातली चपळ, काटक पोरे कुणाला हार जात नाहीत. डोंगर चढून शाळेत गेलेले पाय आहेत ते. पण पुरुष गटात मर्यादा ८५ किलो, आणि लीगमधले कोपरे त्या मर्यादेला टेकलेले असतात. म्हणजे एकोणीस ते बावीस या वयात पोराने अंगावर दहा-पंधरा किलो चढवायचे, तेही चपळाई न घालवता. त्याला रोजचे भरपूर दूध-अंडी-मटण लागते, व्यायामशाळा लागते, झोप लागते. बाकावरच्या वर्षांचा एक खरा फायदा हा आहे: शिबिरात खाणे, फिजिओ आणि वजने मिळतात. भात-आमटी आणि सुकटीवर वाढलेला पोरगा दोन हंगामांत आडवा-तिडवा भरतो. खेळ वाढला नाही तरी शरीर वाढते, आणि तेवढ्यापुरता बाक कामाचा.

मग मॅट. इथला सराव मातीवर, अनवाणी. मातीत अंगठा रुततो, वळताना माती थोडी सरकते आणि गुडघ्यावरचा ताण खाते. मॅटवर बूट घट्ट धरून बसतो. अंग वळते, पाय वळत नाही, आणि गुडघ्याचा अस्थिबंध जातो. मातीवरून थेट मॅटवर गेलेल्या पोराला हे कुणी तरी महिनोन्महिने शिकवावे लागते. दुखापतीची किंमत तर मोठ्यांनाही चुकलेली नाही. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई सहाव्या हंगामात यू मुम्बाकडे ३६ लाख ४० हजारांना आला, पहिल्याच हंगामात दोनशेच्या वर गुण केले आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाख दिले. आठव्या हंगामात दुखापत झाली आणि हंगामच गेला. त्याला पुन्हा संधी मिळाली, कारण नाव झाले होते. राखीव पोराचा गुडघा गेला तर त्याचा करार आपसूक संपतो.

अंतराचाही भाग आहे. रायगडची कबड्डी म्हटली की नावे येतात अलिबाग, पेण, उरण, रोहा या पट्ट्यातली. महाड-पोलादपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. अलिबागला निवड चाचणीला जायचे तर पहाटेची एसटी आणि मध्ये गाडी बदलणे. पावसाळ्यात वरंधा बंद, दरडीची धास्ती. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्याच तळिये गावावर डोंगर कोसळला, तेव्हापासून या खोऱ्यात जुलै म्हणजे घराकडे लक्ष ठेवण्याचा महिना. लीगचा बारावा हंगाम २९ ऑगस्टला सुरू झाला, म्हणजे शिबिरे त्याच्या आधी. लावणी आटोपते न आटोपते तोच.

आणि शेवटी पोट. पूर्वी मुंबईत कबड्डीवर नोकरी लागायची. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक, मुंबई पोर्ट ट्रस्ट, मध्य आणि पश्चिम रेल्वे, पोलीस. व्यावसायिक संघात घेतले की सकाळी सही, दुपारी सराव, आणि खेळ संपला तरी पगार चालू. कोकणातल्या किती घरांची पक्की कौले त्या नोकऱ्यांतून आली. आता देना बँक १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, एअर इंडिया जानेवारी २०२२मध्ये टाटांकडे गेली. जागा आटल्या. नऊ लाख ऐकायला मोठे वाटतात, पण ते तीन महिन्यांच्या लीगचे आहेत आणि पुढच्या वर्षीचे कुणी सांगितलेले नाहीत. मुलींना तर तेवढेही नाही: २०१६मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा प्रो कबड्डीच्या जोडीला झाली, त्यानंतर महिलांची प्रो कबड्डी उभी राहिली नाही, आणि राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या मराठी मुलींना अजून रेल्वे नाहीतर पोलीस हेच दोन दरवाजे.

म्हणून खोऱ्यातल्या शहाण्या घरांत सल्ला एकच: भरती सोडू नको. पोलीस भरतीत पन्नास गुण मैदानाचे, सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक; कबड्डीच्या पोराला ते जड नाहीत. ते न जमले तर बिरवाडीची एमआयडीसी आहेच, बहुतेक कंत्राटी. आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, २००५च्या शासन निर्णयापासून. ते मिळते मान्यताप्राप्त संघटनांच्या अधिकृत स्पर्धांतल्या कामगिरीवर, म्हणजे राज्य आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या प्रमाणपत्रावर. लीगच्या बाकावर बसल्याचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही.

इथे दोन गोष्टी एकमेकांवर येतात. जिल्ह्याच्या निवड चाचण्या आणि राज्य अजिंक्यपद थंडीच्या तोंडाशी, तर अकरावा हंगाम १८ ऑक्टोबर ते २९ डिसेंबर असा चालला. दहावा डिसेंबर ते मार्च. बाकावर बसायला गेलेला पोरगा जिल्ह्याची चाचणी चुकवतो, आणि वर खेळायलाही मिळत नाही. शिवाय बाराव्या हंगामात प्रत्येक संघाचे साखळी सामने २२वरून १८वर आले. राखीव पोरांच्या वाट्याची आधीच तुटपुंजी मिनिटे आणखी घटली. लीगला पोरे टिकावीत असे वाटत असेल, तर कराराच्या पहिल्या दोन वर्षांत अमुक इतके सामने युवा संघातून खेळवणे प्रत्येक संघाला बंधनकारक करता येईल. पलटणने ते बंधनाशिवाय केले. तोवर शिवथरच्या पोराला कुणी करार पुढे केलाच, तर त्याच्या घरच्यांनी रक्कम विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: खालचा संघ आहे का, आणि राज्य अजिंक्यपदासाठी सोडणार का?